स्मार्ट ग्रिडची सुरुवात डीपीच्या खांबापासून

मला विचारलेला प्रश्न असा आहे: "आपल्यासारख्या विकसनशील देशांना स्मार्ट ग्रिड झेपणार आहे का? गावातली डीपी (गल्लीला वीज देणारा खांबावरचा ट्रान्सफॉर्मर) जळाली तर दिवसचे दिवस बदलून मिळत नाही, आणि दुसरीकडे घरोघरी स्मार्ट मीटर बसवायला माणसं येतात. आधी काय करायला हवं? माझ्या उपविभागात सुरुवात करायची तर कुठून करू?" विचारणारे तरुण अभियंता आहेत, नुकतेच वीज वितरणाच्या नोकरीत लागलेले. मी या कामात 31 वर्षं काढली. उपकेंद्रातल्या रात्रपाळीपासून सुरुवात केली आणि एक विभाग सांभाळून निवृत्त झालो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

स्मार्ट ग्रिड म्हणजे जागोजागी मोजमाप करून ती माहिती कळवणारं आणि त्यावर चालवलं जाणारं विजेचं जाळं. ते झेपेल, हे माझं उत्तर आहे. पण कामाचा क्रम चुकला तर पैसा जाईल आणि ग्राहकाचा विश्वासही जाईल. पैसा पुन्हा उभा करता येतो. विश्वास गेला की त्या गावात पुढची दहा वर्षं कुठलंच काम धड होत नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आपली ग्रिड वरच्या टोकाला केव्हाच हुशार झालेली आहे. 5 एप्रिल 2020 ची रात्र आठवा. टाळेबंदीत देशभर रात्री 9 वाजता 9 मिनिटं घरातले दिवे मालवायचे होते. ग्रिड चालवणाऱ्यांचा अंदाज होता की मागणी 12 ते 14 हजार मेगावॉटने उतरेल. प्रत्यक्षात ती 31,089 मेगावॉटने उतरली आणि थोड्याच वेळात परत चढली. तरीही फ्रिक्वेन्सी (मागणी आणि पुरवठ्याचा तोल दाखवणारा आकडा, तो 50 च्या जवळ लागतो) 49.70 ते 50.26 हर्ट्झच्या दरम्यान राहिली आणि कुठेही अंधार झाला नाही. जलविद्युत केंद्रं मिनिटामिनिटाला वर-खाली केली गेली. याच देशात त्याच्या आठच वर्षं आधी, 31 जुलै 2012 ला, उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रिड कोसळून सुमारे 60 कोटी लोकांची वीज गेली होती. मधल्या काळात मोजमाप वाढलं, नियंत्रण केंद्रं सुधारली, शिस्त आली. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर 765 केव्ही (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) वाहिनीने दक्षिण भारताची ग्रिड उरलेल्या देशाशी जोडली गेली आणि सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर चालू लागला. पश्चिम विभागात तर जुलै 2002 पासून प्रत्येक राज्याने किती वीज घेतली याचा हिशेब दर 15 मिनिटांनी होतो, दिवसाचे 96 भाग पाडून.

म्हणजे विकसनशील देशाला हे तंत्र जमतं की नाही, हा वाद मिटलेला आहे. अडचण खाली आहे. 220 केव्हीचं उपकेंद्र सेकंदासेकंदाला बोलतं, 33 केव्हीचं अधूनमधून बोलतं, 11 केव्हीच्या फीडरचं (उपकेंद्रातून डीपींकडे जाणाऱ्या वाहिनीचं) लॉगशीट ऑपरेटर तासातासाला हाताने भरतो, आणि डीपीपाशी आलं की सगळं गप्प. डीपीवर आत्ता किती लोड आहे, कुठल्या फेजवर (वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी कुठलीवर) जास्त आहे, तिच्यावर नेमकी किती घरं आहेत, हे सांगणारी एकच गोष्ट आपल्याकडे असते, ती म्हणजे त्या भागातल्या वायरमनची स्मरणशक्ती. वायरमन निवृत्त झाला की ती माहितीही जाते. या आंधळ्या पट्ट्यात उजेड पाडणं हे आपल्या देशातल्या स्मार्ट ग्रिडचं खरं काम आहे.

यातला माझा धडा मला महागात पडला, म्हणून सांगतो. एका तालुक्याच्या गावी आम्ही डीपींवर मीटर आणि मोडेम बसवले. डीपीतून गेलेली वीज आणि तिच्यावरच्या ग्राहकांना बिलातून आकारलेली वीज यांतला फरक म्हणजे गळती. पहिल्या महिन्याचा अहवाल आला तेव्हा एका डीपीवर निम्मी वीज गायब दिसत होती. मी पथक घेऊन गेलो. दोन दिवस घरोघरी मीटर तपासले, लोकांना प्रश्न विचारले, आवाजही चढवला. सापडले फक्त दोन आकडे, म्हणजे तारेवर टाकलेल्या चोरीच्या जोडण्या. तिसऱ्या दिवशी आमचे एक जुने वायरमन मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, ती पलीकडची गल्ली याच डीपीवर हाय. गणपतीत तिची डीपी जळाली तवा हिकडनं जोडून दिली, ती तशीच राहिली. कागदावर अजून पलीकडंच हाय." मी कार्यालयात येऊन पलीकडच्या डीपीचा अहवाल काढला. तिथे उणे गळती होती, म्हणजे डीपीत जेवढी वीज आली त्यापेक्षा जास्त विकल्याची नोंद! त्या दोन दिवसांत ज्या घरांत मी चोर शोधायला शिरलो, त्या लोकांची माफी मी नंतर मागितली. तरी ते वाईट वाटणं गेलेलं नाही.

मीटर बरोबर होते, मोडेम बरोबर होते, सॉफ्टवेअरही बरोबर होतं. कोणता ग्राहक कोणत्या डीपीवर आणि कोणत्या फेजवर आहे, ही यादी तेवढी चुकीची होती. तिला आपल्याकडे कन्झ्युमर इंडेक्सिंग म्हणतात. ही यादी चुकीची असली तर वर कितीही महाग यंत्रणा उभी करा, ती तुम्हाला खोट्या जागी नेऊन सोडेल. 2008 नंतर शहरांसाठी जो मोठा केंद्रीय कार्यक्रम आला, त्यात हे काम एकदा झालं होतं. पण डीपी बदलतात, गल्ल्या इकडून तिकडे जोडल्या जातात, नवीन जोडण्या येतात. एकदा केलेली यादी दोन वर्षांत शिळी होते. ती ताजी ठेवणं हे रोजचं काम आहे आणि ते कुणाच्याच नावावर नसतं.

आम्ही ती यादी पुढे जुन्या पद्धतीने दुरुस्त केली. लोकांना आधी सांगून एका फेजचा किटकॅट (फ्यूज) काढायचा, कुठल्या घरांचे दिवे गेले ते पाहायचं, वहीत लिहायचं, किटकॅट लावायचा, मग दुसरी फेज. दमवणारं काम आहे, पण चुकत नाही. आता स्मार्ट मीटर असतील तर हेच काम बरंच सोपं होतं, आणि त्यांचा हा उपयोग फार कमी लोकांना माहीत आहे. एकाच फेजवरच्या सगळ्या मीटरांचा व्होल्टेज एकाच तालात वर-खाली होतो. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या की कोणतं घर कुठल्या फेजवर आहे ते कळतं. वीज जाताना मीटर शेवटचा एक निरोप पाठवतो, त्यावरूनही डीपीची यादी पडताळता येते. तुमच्या भागात मीटर बसले असतील तर हा डेटा मागून घ्या.

फेजचा एवढा आग्रह का, तेही आकड्यांतच पाहा. 100 केव्हीएच्या डीपीला दर फेजवर साधारण 135 अँपिअर झेपतात. समजा एका फेजवर 190 आणि दुसऱ्या दोन्हींवर 70-70 अँपिअर आहेत. बेरीज 330, म्हणजे सारखं वाटलं असतं तर प्रत्येकी 110. तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सारख्या वाटणीत वर्गांची बेरीज 36,300 येते. असमान वाटणीत ती 45,900 होते, आणि न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) जे 120 अँपिअर वाहू लागतात त्यांचे 14,400 धरले की 60,300. न्यूट्रलची तार फेजच्याच जाडीची आहे असं इथे धरलंय. प्रत्यक्षात ती अनेकदा बारीक असते, म्हणजे हानी आणखी जास्त. तेवढीच वीज, तेवढेच ग्राहक, आणि हानी दीडपटीहून अधिक! शिवाय त्या एका फेजचा फ्यूज सारखा जातो, कुणीतरी तिथे जाड तार बांधतं, आणि उन्हाळ्यात डीपी जाते. दहा-पंधरा सर्व्हिस वायर (खांबावरून घरात जाणाऱ्या तारा) एका फेजवरून दुसरीवर हलवल्या की हे थांबतं. एका शिडीचं आणि अर्ध्या दिवसाचं काम. डीपीवरच्या मीटरचा अहवाल दर महिन्याला कुणी वाचला, तर तुमच्या प्रश्नातल्या जळणाऱ्या डीपींपैकी बऱ्याच वाचतील. म्हणून डीपी आधी की स्मार्ट मीटर आधी, या प्रश्नाला मी म्हणतो: डीपीला मीटर आधी.

हा क्रम चालतो याचा दाखला दिल्लीत आहे. 2002 मध्ये तिथलं वितरण खासगी कंपन्यांकडे गेलं तेव्हा निम्म्याहून अधिक विजेचे पैसे येत नव्हते. उत्तर दिल्लीत पुढच्या दहा वर्षांत हे प्रमाण 10-11 टक्क्यांच्या आसपास आलं. घरोघरचे स्मार्ट मीटर त्यानंतर काही वर्षांनी आले. आधी झालं ते काम साधं होतं. मोठ्या ग्राहकांचं रीडिंग दुरून घेणं, जाळ्याचा नकाशा, जुन्या चकतीच्या मीटरांऐवजी इलेक्ट्रॉनिक मीटर, फीडर आणि डीपीनिहाय हिशेब, आणि जिथे आकडे पडतात तिथे लघुदाबाच्या लांब तारा काढून उच्चदाब वाहिनी थेट छोट्या डीपीपर्यंत नेणं. मोजक्या मोठ्या ग्राहकांकडून निम्म्याहून जास्त महसूल येतो, त्यामुळे त्यांचे मीटर आधी बोलते केले की पैसा लगेच दिसतो आणि पुढच्या कामाला तो उपयोगी पडतो.

आता शेतीकडे येतो. शहरी सल्लागारांच्या आराखड्यात हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो आणि आपल्याकडे सगळा खेळ तिथेच आहे. महाराष्ट्रात 45 लाखांच्या आसपास शेतीपंप आहेत. त्यांतल्या फार मोठ्या संख्येला मीटर नाही, आकारणी पंपाच्या अश्वशक्तीवर होते. मग फीडरमधून गेलेल्या विजेतून मीटरवाल्यांची वीज वजा केली की जे उरतं ते शेती आणि गळती मिळून असतं. त्यातली रेघ कुठे मारायची हे ज्याच्या त्याच्या सोयीवर! शेतकऱ्याच्या नावावर दाखवलेली सगळी वीज शेतकऱ्याने वापरलेली नसते, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि तो बोजा त्याच्या माथी मारला जातो याचा मला राग आहे.

प्रत्येक पंपाला स्मार्ट मीटर लावून हे सुटेल असं मला वाटत नाही. बांधावरच्या पेटीत ऊन, पाऊस, उंदीर, मुंग्या, वर उसाच्या फडात मोबाइलची रेंज नाही. मीटर दोन हंगाम टिकले तरी पुष्कळ. त्यापेक्षा शेतीचा फीडरच वेगळा करा आणि तो उपकेंद्रात मोजा. गुजरातने 2003 पासून ज्योतिग्राम योजनेत हे राज्यभर केलं. आपल्याकडे गावठाण फीडर वेगळे करण्याची योजना झाली, बऱ्याच ठिकाणी पूर्ण झाली, काही ठिकाणी मधेच कुणीतरी जंपर (जोडतार) टाकून पुन्हा दोन्ही एक करून ठेवले. फीडर खरोखर वेगळा आहे का, हे रात्री जाऊन पाहायचं असतं.

फीडर वेगळा झाला की एक मोठी वाट उघडते. शेतीचं लोड हे आपल्या देशातलं सर्वांत सोयीचं, हवं तेव्हा हलवता येणारं लोड आहे. विहिरीचं पाणी सकाळी 10 ला उपसलं काय आणि दुपारी 2 ला उपसलं काय, पिकाला फरक पडत नाही. श्रीमंत देशांत लोकांच्या गाडीचं चार्जिंग दोन तास पुढे ढकलायला केवढी यंत्रणा उभारतात. आपण गट पाडून फीडरच्या वेळा ठरवत कित्येक वर्षं तेच करत आलो. फक्त वेळा रात्रीच्या होत्या, आणि त्यात शेतकऱ्याने साप-विंचू, बिबट्या आणि थंडी सोसली. आता सूर्य दिवसा वीज देतोय. 2017 मध्ये राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीपासून सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि 2023 मध्ये आलेला तिचा दुसरा टप्पा यांचं मोल मला यासाठी वाटतं. उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा सौर प्रकल्प, त्याची वीज थेट शेतीच्या 11 केव्ही वाहिन्यांना, आणि तीही दिवसा. 16,000 मेगावॉटचं उद्दिष्ट आहे. वीज लांबून आणावी लागत नाही, म्हणून वाटेतली हानी वाचते, आणि शेतकरी रात्री घरी झोपतो.

इथे तुम्हाला ऑटोस्विचचा प्रश्न भेटेल. वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून शेतकरी तो लावतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. वीज कधी येईल याचा भरवसा नव्हता तेव्हा दुसरा उपायच नव्हता. पण एका डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू झाले की प्रत्येक मोटर सुरुवातीला पाच-सहा पट प्रवाह ओढते, व्होल्टेज बसतं, फ्यूज जातो नाहीतर डीपी जळते. "ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर लावा" अशी पत्रकं आम्ही वर्षानुवर्षं वाटली. फरक पडला तो जिथे वेळापत्रक चार महिने न चुकता पाळलं तिथे. लोकांनी आपणहून स्विच काढले. लोडशेडिंगच्या काळातली अक्षय प्रकाश योजनाही अशीच चालली होती: संध्याकाळी पंप लावायचे नाहीत असं गावाने ठरवायचं आणि कंपनीने गावाचा उजेड राखायचा. दिलेली वेळ पाळणं हेही ग्रिडच्या तंत्राचाच भाग आहे, असं मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक अभियंत्याला सांगत आलो.

आता घरच्या स्मार्ट मीटरबद्दल. मी त्यांच्या विरोधात नाही. पण ते ज्या घाईने आले त्याबद्दल मला काळजी वाटते. 2021 मध्ये केंद्राने वितरण सुधारणेची आरडीएसएस योजना आणली. तिचा आराखडा 3,03,758 कोटी रुपयांचा, त्यात 25 कोटी स्मार्ट मीटरचं उद्दिष्ट, मूळ मुदत 2025-26 पर्यंत. 2025 उजाडलं तेव्हा बसलेले मीटर उद्दिष्टाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी होते. सर्वसाधारण राज्यांना दर मीटरमागे किमतीच्या 15 टक्के, जास्तीत जास्त 900 रुपये अनुदान. बाकीचा खर्च कंत्राटदार करतो आणि तो वर्षानुवर्षं मासिक हप्त्याने फेडून घेतो. हप्ता मीटर बसला म्हणून मिळत नाही, मीटरकडून ठरलेला डेटा आला तर मिळतो. ही अट चांगली आहे. पण हप्ता भरायला पैसा यायला हवा गळती कमी होण्यातून आणि वसुली सुधारण्यातून. जिथे गळती 40 टक्के आहे तिथे मीटर स्वतःची किंमत लवकर काढून देतो. जिथे ती 8 टक्के आहे तिथे तसं होत नाही. तिथे मीटरचा फायदा दुसरीकडे शोधावा लागतो. इटलीने 2001 ते 2006 मध्येच सुमारे 3 कोटी मीटर बदलले, त्यामागे वीजचोरी हेही एक कारण होतं. जर्मनीत चोरी नगण्य, त्यामुळे त्यांनी कित्येक वर्षं घाई केली नाही. आपणही प्रत्येक फीडर पाहून ठरवायला हवं. सगळीकडे एकाच वेळी, एकाच वेगाने करण्याचं कारण मला दिसत नाही.

आणि डेटाचं काय करणार? 25 कोटी मीटर, दर अर्ध्या तासाला एक नोंद, म्हणजे दिवसाला 1,200 कोटी नोंदी. उपविभागात ते वाचायला माणूस कोण? मी निवृत्त झालो तेव्हा सहायक अभियंत्याचा अर्धा दिवस थकबाकी वसुलीत आणि उरलेला तक्रारींत जात असे. प्रत्येक विभागाला डेटा पाहणारे दोन माणूस द्या, तेही वितरणातलं काम केलेले. रीडिंग घेणारी कंत्राटी मुलं या बदलात बेकार होणार आहेत. गल्लीन् गल्ली त्यांना पाठ आहे. ग्राहकांची यादी ताजी ठेवायचं काम त्यांच्याइतकं चांगलं कुणी करणार नाही. त्यांना शिकवा आणि कामावर ठेवा.

"नवा मीटर पळतो" ही तक्रार तुम्हाला रोज ऐकायला मिळेल. ती झटकून टाकू नका. कारणं चार-पाच असतात आणि प्रत्येक घरी वेगळं असतं. कुठे जुना मीटर मंद झालेला असतो. कुठे महिनोन् महिने सरासरी बिल येत असतं आणि खरं रीडिंग आता पहिल्यांदाच आलेलं असतं. एक कारण मात्र असं आहे की ते पुष्कळ अभियंत्यांनाही सुचत नाही. आपले सिंगल फेज मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला प्रवाह मोजतात आणि चोरी पकडण्यासाठी जो जास्त असेल तो धरतात. जुन्या चाळीत किंवा घराचे दोन भाग करून भाडेकरू ठेवलेल्या वाड्यात दोन जोडण्यांचे न्यूट्रल कुठेतरी आत एकमेकांना जोडलेले असतात. मग एकाच्या वापराचा काही भाग दुसऱ्याच्या न्यूट्रलमधून परततो आणि ज्याने पंखाही लावला नाही त्याचं रीडिंग वाढतं. तो माणूस खरं बोलत असतो! अशा घरी क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून प्रवाह मोजणारं यंत्र) घेऊन जा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही मोजा, फरक दिसला तर वायरिंग दुरुस्त करून घ्या. दोन घरी हे करून दाखवलं की गल्लीतला विरोध निम्मा होतो. काही ग्राहकांकडे जुना आणि नवा मीटर शेजारी-शेजारी लावण्याची तरतूद आहे, तीही मनापासून वापरा. जुळवाजुळवीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

स्मार्ट मीटर प्रीपेड होण्याची, म्हणजे आधी पैसे भरून मग वीज मिळण्याची भीती मला रास्त वाटते. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात रात्री 11 ला पैसे संपले म्हणून दिवे जाता कामा नयेत. रात्री आणि सुटीच्या दिवशी वीज तोडायची नाही, हा नियम यंत्रणेत पक्का बसवायला हवा. दुरून तोडण्याची सोय किती नाजूक असते ते उत्तर प्रदेशाने ऑगस्ट 2020 मध्ये जन्माष्टमीच्या संध्याकाळी अनुभवलं. एका चुकीच्या आज्ञेने दीड लाखाच्या आसपास ग्राहकांची वीज एकदम गेली. सण, अंधार, आणि ग्राहकाचा काही दोष नाही. त्यानंतर तिथे मीटर बसवणं थांबवावं लागलं. एका वेळी अमुक संख्येपेक्षा जास्त मीटर तोडताच येणार नाहीत, असा अडसर सॉफ्टवेअरमध्ये असता तर हे टळलं असतं. सायबर हल्ल्याची भीती आहे म्हणून तर हा अडसर आणखी गरजेचा.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. तिथे नव्वदच्या दशकापासून प्रीपेड मीटर आहेत आणि ते चालायला कुठलंच नेटवर्क लागत नाही. दुकानातून 20 आकडी टोकन घ्यायचं, मीटरच्या कळफलकावर दाबायचं, युनिट जमा. गरीब वस्त्यांत ते टिकलं, कारण साधं होतं. पण त्या टोकनमधलं घड्याळ 1 जानेवारी 1993 पासून मिनिटं मोजत होतं आणि त्याची मर्यादा 24 नोव्हेंबर 2024 ला संपत होती. त्याआधी लाखो घरांत प्रत्येक मीटरवर 20 आकड्यांचे दोन संकेत दाबून घ्यावे लागले, नाहीतर मीटर नवी टोकनं घेईनासा झाला असता. तीस वर्षांपूर्वी ज्यांनी ती रचना केली त्यांना हा दिवस फार लांब वाटला असेल. आपण आज खरेदी करत असलेले मीटर, त्यांतली सिम कार्डं, त्यांच्या सुरक्षा किल्ल्या यांचं दहा वर्षांनी कोण पाहणार, हे करारात आत्ताच लिहून घ्या.

मग घरगुती ग्राहकाला फायदा काय? आजवर आपण त्याला फक्त कंपनीचा फायदा सांगितला. जुलै 2025 पासून महाराष्ट्रात स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत मिळू लागली. सोसायटीची पाण्याची टाकी दुपारी भरली, कपडे दुपारी धुतले, तर बिलात फरक दिसतो. सौर वीज दुपारी मुबलक आणि संध्याकाळी टंचाई, ही आपली नवी स्थिती आहे. तेव्हा ही सवलत ग्राहकाच्या आणि ग्रिडच्या दोघांच्या कामाची आहे. केंद्राच्या 2023 च्या नियमांत आणखी एक संरक्षण आहे: स्मार्ट मीटरने नोंदलेल्या कमाल मागणीच्या आधारे मीटर बसण्याआधीच्या काळाचा दंड लावता येत नाही. हे ग्राहकाला आपणहून सांगा.

छतावरच्या सौर पॅनेलांनी एक नवीन काम आणून ठेवलंय. लाइनच्या शेवटच्या घराला व्होल्टेज कमी मिळतं म्हणून आपण डीपीचा टॅप (तिचं व्होल्टेज वर-खाली करायची सोय) वर ठेवत आलो. आता दुपारी शेवटच्या घरातूनच वीज उलटी येते, व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर बंद पडतो. ग्राहक म्हणतो पॅनेल खराब आहे. त्या घरच्या स्मार्ट मीटरची दुपारी 12 ते 2 ची व्होल्टेजची नोंद काढून पाहा, उत्तर तिथे असतं. टॅप एक पायरी खाली घेणं किंवा पॅनेलवाली घरं तिन्ही फेजवर वाटून देणं, बहुतेकदा एवढ्याने भागतं.

तुमच्या उपविभागासाठी सांगायचं तर पुढच्या अर्थसंकल्पाची वाट पाहू नका. गेल्या तीन वर्षांत ज्या फीडरवर सर्वांत जास्त डीपी जळाल्या तो एक फीडर निवडा. उपकेंद्रातला त्याचा मीटर बरोबर चालतो का ते आधी तपासून घ्या. सीटीचं (मीटरसाठी प्रवाह लहान करून देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरचं) गुणोत्तर चुकीचं भरलेलं मी तीन ठिकाणी पाहिलंय. मग त्या भागातल्या सर्वांत जुन्या वायरमनला बरोबर घेऊन शेवटच्या खांबापासून उपकेंद्राकडे चालत या. प्रत्येक डीपीवर रंगाने क्रमांक टाका, कोणती गल्ली कुठून जोडली आहे ते त्याच्या तोंडून ऐका आणि तिथेच उभं राहून लिहा. संध्याकाळी 7 ते 9 मध्ये क्लॅम्प मीटरने तिन्ही फेज मोजा. एका फीडरला महिना-दीड महिना लागेल. त्या वहीची एक प्रत कार्यालयात ठेवा, एक वायरमनकडे. ज्या दिवशी कुठलीही गल्ली दुसऱ्या डीपीवर जोडली जाईल, त्याच दिवशी दोन्ही प्रतींत ती लिहिली गेली पाहिजे, मध्यरात्रीचं ब्रेकडाउन असलं तरी.